घोड्यांचा 'जवरोग' : एका रोगनामाची चिकित्सा

प्राचीन ग्रंथांतील रोगांना आजचीं नांवें देण्याचा मोह अभ्यासकांस सहसा आवरत नाहीं. ग्रीक ग्रंथांतील 'क्रिथिआसिस' हें त्याचें एक उदाहरण होय. 'क्रिथी' म्हणजे जव. जवाचा दाणा बेसुमार खाल्ल्यानें घोड्याच्या खुरांच्या आंत दाह होतो, ज्यास हल्लींचे पशुवैद्य लॅमिनायटिस म्हणतात. तेव्हां 'जवरोग' म्हणजे हाच, आणि म्हणून त्याचा पहिला उल्लेख अ‍ॅरिस्टॉटलचा, असें पशुवैद्यकाच्या इतिहासांत वारंवार लिहिलें जातें. मूळ वचनें वाचलीं असतां हा निर्णय घाईचा वाटतो.

'प्राण्यांचा इतिहास' या ग्रंथाच्या आठव्या भागांत अ‍ॅरिस्टॉटल पागेंतील घोड्यांचे रोग व कुरणांतील घोड्यांचे रोग वेगळे सांगतो. जवरोग पागेंतला. त्याचीं लक्षणें दोन : टाळू मऊ पडते व श्वास उष्ण येतो. खुराचें नांवहि नाहीं. याउलट खुराच्या दाहानें पछाडलेला घोडा पुढचे पाय पुढें ताणून मागच्यांवर भार घेतो, वळतांना कष्टी होतो, त्याचे खूर हातास ऊन लागतात आणि खुराच्या वरची नाडी जोरानें उडते.

येथें प्रतिपक्षास एक चांगला मुद्दा आहे. एकच पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकतांना घोडा डोकें वर उचलतो व निरोगी पाय टेकतांना खालीं सोडतो. ही खूण कोणासहि दिसते. दोन्ही पाय सारखेच दुखत असले म्हणजे ती खूण लोपते. घोडा नुसता आखडून चालतो आणि दोष छातीचा किंवा खांद्याचा आहे असें वाटतें. अ‍ॅरिस्टॉटलला माहिती देणारे असेच चकले असतील. असतील, पण एवढ्यानें शक्यता ठरते, ओळख पटत नाहीं.

नवल असें कीं, त्याच ठिकाणीं अ‍ॅरिस्टॉटलनें खुराचा रोग खरोखरीच दिला आहे, तो मात्र दुसऱ्या नांवाखालीं. कुरणांतील घोड्यांना 'पोदाग्रा' म्हणजे पायाच्या व्याधीखेरीज रोग नसतो; तींत कधीं कधीं खूर गळून पडतात व लगेच नवे येऊं लागतात, असें तो म्हणतो. अतितीव्र दाहांत खूर सुटून येतो आणि कोवळ्या, भरदार गवतावर चरणाऱ्या घोड्यांना हा दाह जडतो, या दोन्ही गोष्टी आज सुप्रसिद्ध आहेत. मात्र पोदाग्राची खूण म्हणून त्यानें उजवा अंड फडफडणें किंवा नाकपुडीच्या जरा खालीं खळगा पडणें हीं लक्षणें दिलीं आहेत, तीं या निदानांत बसत नाहींत. तीं झांकून ठेवणें हा अप्रामाणिकपणा होईल. तथापि निवडच करावयाची तर पोदाग्राचें पारडें जड आहे.

झेनोफनची साक्षहि याच बाजूची. अश्वारोहणावरील ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणांत घोड्यानें दाणा टाकला तर रक्ताधिक्य, थकवा, जवरोग अथवा दुसरा कांहीं विकार समजावा, असें तो सांगतो. लगेच पुढें तो खुरांकडे वळतो : ओल्या व गुळगुळीत जमिनीनें खूर बिघडतात, म्हणून बाहेर मुठीएवढ्या गोल दगडांच्या चारपांच गाड्या पसराव्या. जवरोग आणि खूर एकमेकांशेजारीं असून त्यांचा संबंध तो जोडीत नाहीं. आणि हा मनुष्य खुराविषयीं बेफिकीर नव्हता, कारण घोडा पारखतांना तो प्रथम पायच पाहतो व खुराचा आवाजहि ऐकतो. याच विषयांत त्याचा एक विसंवाद मात्र टीकाकारांनीं लक्षांत घ्यावयास हवा. तळव्यांतील त्रिकोणी मऊ भाग, ज्यास ग्रीक 'पाकोळी' म्हणत, उंच खुरामुळें जमिनीपासून दूर राहतो म्हणून पहिल्या प्रकरणांत तो अशा खुराची वाखाणणी करतो. चौथ्यांत दगडांवर चालवून तीच पाकोळी कणखर करूं पाहतो.