विभक्त जोडीदाराकडून होणारा छळ आणि कायदेशीर संरक्षण : शिरोली औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पती-पत्नी किंवा पती-पत्नीप्रमाणे एकत्र राहिलेले जोडीदार विभक्त झाले की त्यांच्यातील छळाचा प्रश्नही मिटतो, असा समाजात सर्वसाधारण समज आहे. अनुभव मात्र वेगळा आहे. विभक्त झाल्यानंतर छळाची केवळ जागा बदलते. चार भिंतींच्या आत होणारा छळ एस.टी.च्या थांब्यावर येतो, कारखान्याच्या फाटकाशी उभा राहतो आणि मोबाईलच्या मार्गाने रात्री-अपरात्री पुन्हा घरात शिरतो. अशा छळाविरुद्ध कायद्याने कोणते मार्ग दिले आहेत आणि ते कोठे अपुरे पडतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोली एमआयडीसी हा संदर्भ घेतला आहे. कारण स्वतःच्या कमाईवर उभ्या राहू पाहणाऱ्या स्त्रीचा दिवस घर, रस्ता आणि कामाची जागा या तिन्हींमध्ये विभागलेला असतो, तर कायदा या तिन्हींकडे वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नांदण्यास नकार देणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत कायदा प्रथम कोणाच्या बाजूने उभा होता, हे रखमाबाईंच्या खटल्यावरून स्पष्ट होते. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये पत्नीने नांदावयास यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. १८८७ मध्ये न्यायालयाने रखमाबाईंपुढे नांदावयास जाणे किंवा तुरुंगवास पत्करणे असे दोनच पर्याय ठेवले. त्यांनी तुरुंगवासाची तयारी दर्शविली आणि १८८८ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले. या खटल्यात कायदा पतीच्या हातातील साधन होता.

कोल्हापूर संस्थानात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणाने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. घरातील क्रौर्य ही खाजगी बाब नसून राज्यसंस्थेने हस्तक्षेप करावा अशी बाब आहे, हे तत्त्व या मातीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मान्य झाले होते. त्यामुळे आज कोल्हापूरच्या परिसरात ‘हा तुमचा घरचा विषय आहे’ असे उत्तर एखाद्या स्त्रीला मिळते तेव्हा ते आधुनिक कायद्याशी विसंगत ठरतेच, शिवाय स्थानिक परंपरेशीही विसंगत ठरते.

‘नातेसंबंध’ या संकल्पनेची व्याप्ती

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्या बारकाईने वाचल्या पाहिजेत. सामायिक घरात एकत्र राहत असलेल्या व्यक्तींबरोबरच ‘कोणत्याही वेळी’ एकत्र राहिलेल्या व्यक्तींचाही कौटुंबिक नातेसंबंधात समावेश आहे. प्रतिवादीच्या व्याख्येतही असा नातेसंबंध ‘आहे किंवा होता’ असे म्हटले आहे. म्हणजेच पूर्वीचा पती किंवा जोडीदार कायद्याच्या कक्षेत येतो, आणि ही कक्षा कायदेमंडळाने जाणीवपूर्वक आखलेली आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी ही व्याप्ती अधिक स्पष्ट केली. जुवेरिया पटणी खटल्यात (२०१४) घटस्फोटापूर्वी केलेल्या हिंसाचाराची जबाबदारी नंतरच्या घटस्फोटाने संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. प्रभा त्यागी खटल्यात (२०२२) अर्ज करतेवेळी नातेसंबंध अस्तित्वात असणे आवश्यक नाही, तो पूर्वी असला तरी पुरे, असे स्पष्ट झाले. या निर्णयांच्या प्रकाशात अर्जामध्ये विभक्त होण्यापूर्वीचा आणि नंतरचा छळ यांची सलग हकीकत मांडणे महत्त्वाचे ठरते. केवळ शेवटची घटना सांगितल्यास तिचे मूळ झाकले जाते.

या व्याप्तीला एक मर्यादा आहे. वेलुसामी खटल्यात (२०१०) न्यायालयाने ‘विवाहसदृश संबंधा’साठी काही निकष घालून दिले. एकत्र न राहिलेला पूर्वीचा प्रियकर या अधिनियमाच्या बाहेर राहतो. त्याच्या छळाविरुद्ध फौजदारी कायद्याकडेच वळावे लागते.

शिक्षेचा कायदा आणि संरक्षणाचा कायदा

पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड म्हणून आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ म्हणून लागू आहे. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दर्शविल्यानंतरही वारंवार पाठलाग करणे, संपर्क साधणे, तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणे हे सर्व त्यात येते. पहिल्या दोषसिद्धीस ३ वर्षांपर्यंत आणि त्यानंतरच्या दोषसिद्धीस ५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे आणि ‘दुसरी वेळ’ ही दोषसिद्धीवर मोजली जाते. खटल्याचा निकाल लागण्यास वर्षे लागतात; फाटकाशी उभा राहणारा माणूस मात्र रोज येतो. कायदा दोषसिद्धी मोजतो आणि स्त्री दिवस मोजते. या दोन गणितांतील अंतर हा या कलमाचा मूलभूत दोष आहे.

याउलट २००५ च्या अधिनियमाच्या कलम १८ नुसार मिळणारा संरक्षण आदेश मूलतः दिवाणी स्वरूपाचा आहे. त्यान्वये प्रतिवादीला स्त्रीच्या नोकरीच्या ठिकाणी प्रवेश करण्यास, दूरध्वनीसह कोणत्याही माध्यमातून संपर्क साधण्यास आणि तिला मदत करणाऱ्या व्यक्तींना त्रास देण्यास मनाई करता येते. कलम २३ प्रमाणे प्रतिज्ञापत्राच्या आधारे एकतर्फी अंतरिम आदेशही देता येतो. आदेशाचा भंग झाल्यास कलम ३१ नुसार १ वर्षापर्यंत कारावास किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तुलना केल्यास असे दिसते, की ३ वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा जामीनपात्र आहे आणि १ वर्षाच्या शिक्षेचा अजामीनपात्र. वरवर गौण वाटणारा दिवाणी आदेशच प्रत्यक्षात अधिक तातडीचे संरक्षण देतो. असे असूनही, तक्रार म्हणजे गुन्हा नोंदविणे एवढाच अर्थ सर्वत्र घेतला जातो आणि हा मार्ग उपेक्षित राहतो.

शिरोलीचे फाटक

पुणे-बंगळूर महामार्गालगत, हातकणंगले तालुक्यात वसलेली शिरोलीची औद्योगिक वसाहत ओतकाम आणि यंत्रकामासाठी प्रसिद्ध आहे. मोठ्या फौंड्रींच्या आसपास लहान मशिनशॉप व जोडधंदे आहेत. कोअर तयार करणे, तपासणी, पॅकिंग, हिशेब, साफसफाई अशा कामांत स्त्रिया आढळतात. समजा, करवीर तालुक्यातील माहेरी परतलेली एखादी स्त्री येथे ठेकेदारामार्फत काम करते. तिचा पूर्वीचा पती सांगली फाट्यावर तिला अडवितो, सुटीच्या वेळी फाटकाशी आरडाओरडा करतो, मुकादमाला फोन करून तिच्या चारित्र्याविषयी बोलतो. यातील हेतू बहुधा एकच असतो : तिचा रोजगार तुटावा. मिळवती स्त्री परत येत नाही, हे छळ करणाऱ्याला चांगले ठाऊक असते. अधिनियमाच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळाचा समावेश आहे, तो या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

या स्त्रीपुढे मार्ग आहेत. कलम २७ नुसार ती राहते तेथील किंवा नोकरी करते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. शिरोली एमआयडीसी पोलीस ठाण्याच्या हद्दीबाहेर घटना घडली असली, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीच्या कारणावरून माहिती नोंदविण्यास नकार देता येत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. ११२ आणि १८१ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.

अडचण पुढे येते. कलम २४ नुसार आदेशाची प्रत पक्षकारांना, ज्या हद्दीत अर्ज केला तेथील पोलीस ठाण्याला आणि त्या क्षेत्रातील सेवा देणाऱ्या संस्थांना दिली जाते. मालकाचा उल्लेख तेथे नाही. अर्ज माहेरच्या हद्दीत झाला असेल, तर शिरोलीच्या फाटकावरील सुरक्षारक्षकाला आणि शिरोलीच्या पोलिसांना आदेशाची माहितीच नसते. ज्या जागेसाठी आदेश मिळाला, त्याच जागेपर्यंत तो पोहोचत नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीचा २०१३ चा अधिनियम ही उणीव काही अंशी भरून काढतो. त्याच्या कलम १९ नुसार कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासून सुरक्षितता देणे आणि स्त्रीला फौजदारी तक्रारीसाठी साहाय्य करणे ही मालकाची कर्तव्ये आहेत. ठेकेदारामार्फत आलेली कामगारही त्या अधिनियमाच्या कक्षेत येते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या तक्रारी जिल्हा स्तरावरील स्थानिक समितीकडे जातात. परंतु हा अधिनियम लैंगिक स्वरूपाच्या वर्तनापुरता मर्यादित आहे. पूर्वीच्या पतीने फाटकाशी दिलेली धमकी त्यात बसेलच असे नाही.

समझोता, समुपदेशन आणि आक्षेप

विभक्त झालेल्या स्त्रीची तक्रार आली की दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाकण्याची’ प्रवृत्ती यंत्रणेत आणि गावपातळीवर दिसते. २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात प्रतिवादीने पुन्हा हिंसाचार न करण्याची हमी देणे अपेक्षित आहे; स्त्रीने परत नांदावयास जाणे हे त्याचे गृहीतक असू शकत नाही. प्रतिबंधक कारवाई, म्हणजेच ‘चॅप्टर केस’, दोन्ही पक्षांवर करण्याची रीतही अशीच घातक आहे. छळ करणारा आणि छळ सोसणारी यांना ती एकाच तराजूत तोलते.

अशा कायद्यांचा दुरुपयोग होतो, हा आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. मात्र संरक्षण आदेशाने कोणालाही अटक होत नाही. केवळ विशिष्ट ठिकाणी न जाण्याचे आणि संपर्क न साधण्याचे बंधन येते. जो मुळात तेथे जात नाही, त्याचे या आदेशाने फारसे नुकसान होत नाही. आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने पुढील दादही दोन्ही पक्षांना जवळ आली आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते, की विभक्त जोडीदाराच्या छळाबाबत नव्या कठोर शिक्षेपेक्षा उपलब्ध संरक्षण आदेश योग्य जागी पोहोचविण्याची निकड अधिक आहे. अर्ज करताना कामाच्या ठिकाणाचा स्पष्ट उल्लेख करणे, त्या हद्दीतील पोलीस ठाण्यालाही प्रत देण्याची न्यायालयास विनंती करणे आणि स्त्रीच्या संमतीने ती प्रत व्यवस्थापनाकडे व फाटकावर ठेवणे, या गोष्टींना नव्या कायद्याची आवश्यकता नाही. उद्योजकांच्या संघटना, संरक्षण अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरण यांनी एकत्र येऊन ही साखळी जोडावयाची आहे. महाविद्यालयांनाही यात वाटा उचलता येईल. कारण याच वसाहतीत उद्या कामाला जाणाऱ्या मुली आज त्यांच्या वर्गात बसलेल्या आहेत. १९१९ मध्ये कोल्हापूरने घरातील क्रौर्य राज्यसंस्थेच्या दारात आणले. आता न्यायालयाचा आदेश कारखान्याच्या दारापर्यंत नेणे हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल ठरेल.