‘अनोळखी लिंक उघडू नका’ : एक अपुरा धडा

शाळांमधून मोबाइलच्या सुरक्षिततेविषयी बोलले जाऊ लागले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र जे सांगितले जाते ते विज्ञानाच्या कसोटीवर कितपत उतरते, हेही तपासायला हवे. तक्त्यांवर आणि भाषणांत तीन वाक्ये हमखास आढळतात : अनोळखी लिंक उघडू नका; अ‍ॅप अधिकृत ठिकाणाहूनच घ्या; आणि आयफोनला व्हायरस लागत नाही, अँड्रॉइडला लागतो. यांपैकी एकही वाक्य पूर्ण खोटे नाही, पण पूर्ण खरेही नाही.

पहिले वाक्य घेऊ. वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावाचा विचार करा. शेतकऱ्याने आपल्या सोयाबीन-तुरीची नोंद स्वतःच मोबाइलवरून करावी, यासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये ई-पीक पाहणी सुरू केली. पीएम किसान योजनेची केवायसीही अ‍ॅपवरून करता येते. सरकारी काम अ‍ॅपने होते, हे गावाने शासनाकडूनच शिकले. चोरांनी नेमका याच सवयीचा उपयोग केला. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’ किंवा लग्नपत्रिका अशा नावाची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवण्याची फाइल.

ही फाइल पाठवणारा नंबर पुष्कळदा मामाचा, शेजाऱ्याचा किंवा सहकारी शिक्षकाचा असतो. त्याचे कारण सरळ आहे. बनावट अ‍ॅप बसल्यावर एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली, की बँकेचा ओटीपी चोराला दिसू लागतो. व्हॉट्सअ‍ॅपची नोंदणीही एसएमएसने आलेल्या सहा अंकांवर होऊ शकते. ते अंक हाती लागले, की चोर त्याच माणसाच्या नावाने तीच फाइल पुढे पाठवतो. मग ‘अनोळखी’ या शब्दाला काय अर्थ उरला? हा धडा पाठ केलेला विद्यार्थी मामाकडून आलेली फाइल निःशंकपणे उघडील.

दुसरे वाक्य अधिक उपयोगी आहे, पण तेही हमी देत नाही. २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने ‘एजंट स्मिथ’ नावाचे मालवेअर उघडकीस आणले. सुमारे अडीच कोटी अँड्रॉइड फोन त्याने बाधित झाले होते, आणि त्यांपैकी सुमारे दीड कोटी भारतातले होते. ते मुख्यतः ‘नाइन-अ‍ॅप्स’ या बाहेरच्या दुकानातून पसरले. म्हणजे येथे दुसऱ्या वाक्याने रक्षण केले असते. परंतु २०१५ चे ‘एक्सकोडघोस्ट’ पाहा. आयफोनची अ‍ॅप तयार करण्याचे साधनच कोणी तरी बदलून ठेवले होते. ते नकळत वापरणाऱ्या प्रामाणिक कंपन्यांची बाधित अ‍ॅप अ‍ॅपलच्या अधिकृत दुकानात पोहोचली. वीचॅटची एक आवृत्तीही त्यांत होती.

आता तिसरे वाक्य. भारतातील शंभरपैकी नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. समजा, एका गावात ९५ अँड्रॉइड व ५ आयफोन आहेत. त्यांतील १९ अँड्रॉइड आणि एक आयफोन बाधित झाला. ‘१९ विरुद्ध १’ असे म्हटले, की अँड्रॉइड भयंकर वाटतो. पण प्रमाण काढले तर दोन्हीकडे ते २० टक्केच येते. छेद न सांगता नुसता अंश सांगणे ही गणिताच्या शिक्षकाने खपवून घेऊ नये अशी चूक आहे.

याचा अर्थ दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम सारख्याच आहेत असा नव्हे. दोन्हींत प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात ठेवलेले असते आणि परवानगीशिवाय त्याला बाहेर हात घालता येत नाही. फरक आहे तो परवानग्यांत. अँड्रॉइडवर बाहेरून आलेली फाइल बसवण्याची मुभा मालक देऊ शकतो, आणि अ‍ॅपला एसएमएस वाचू देऊ शकतो. आयफोनवर आलेले सर्व एसएमएस बाहेरच्या अ‍ॅपला वाचू देण्याची सोयच नाही, आणि आपल्याकडे फाइल पाठवून अ‍ॅप बसवणे सामान्य माणसाला सहज जमत नाही. म्हणून आसेगावची एपीके आयफोनवर निष्प्रभ ठरते. ‘पेगासस’ मात्र ठरले नाही. २०१९ मध्ये ते व्हॉट्सअ‍ॅपच्या एका त्रुटीतून, केवळ एक कॉल करून फोनमध्ये शिरू शकत होते. तो कॉल उचलण्याचीही गरज नव्हती, आणि त्रुटी अँड्रॉइड व आयफोन दोन्हींवर होती. जगभरात सुमारे १४०० फोन लक्ष्य झाले. आपल्यालाही तशी सूचना मिळाल्याचे नागपूरच्या एका वकिलांनी जाहीरपणे सांगितले. येथे कोणतीही लिंक नव्हती, कोणतेही दुकान नव्हते.

अशा त्रुटींवर उपाय एकच : दुरुस्ती, म्हणजेच अपडेट. एजंट स्मिथनेही ज्या त्रुटींचा फायदा घेतला, त्यांतील ‘जेनस’ ही त्रुटी गूगलने २०१७ मध्येच दुरुस्त केली होती. ती दुरुस्ती असंख्य फोनांपर्यंत पोहोचली नाही. आयफोनला अपडेट थेट अ‍ॅपलकडून, बरीच वर्षे मिळते. अँड्रॉइडचे बहुधा फोन बनवणाऱ्या कंपनीमार्फत येते, आणि स्वस्त फोनला ते लवकर थांबते. महागड्या फोनचा मालक अधिक काळ सुरक्षित, आणि ज्याच्या खात्यात दोन हजारांचा हप्ता येतो तो शेतकरी उघड्यावर, असा हा हिशेब आहे. त्याचा दोष शेतकऱ्याच्या ‘अडाणीपणा’वर टाकणे अन्यायाचे आहे. फोनच्या खोक्यावर किंमत असते, तशी अपडेट कधीपर्यंत मिळतील ती तारीखही असावी, अशी मागणी करायला हरकत नाही.

वर्गात काय करता येईल? नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी घरच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख पाहावी. नाव किंवा नंबर न लिहिता फक्त महिना व वर्ष आणावे आणि फळ्यावर स्तंभालेख काढावा. किती फोन वर्षाहून जुन्या दुरुस्तीवर चालतात, ते एका तासिकेत दिसेल. दुसरे काम : एसएमएस वाचण्याची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला आहे, हे पालकांसोबत बसून पाहावे आणि प्रत्येकापुढे ‘का?’ असे लिहावे. उत्तर सापडले नाही, तर ती परवानगी काढावी. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा, हेही सांगावे.

तक्त्यावरची तीन वाक्ये पुसून टाकण्याची गरज नाही. त्यांच्याखाली एवढेच लिहावे : फाइल ओळखीच्या माणसाकडून आली असली, तरी बसवण्याआधी त्याला फोन करून विचारा.