तिसऱ्या प्रहराचा पेला

पिम्स कपचा पहिला घोट नाकानेच घ्यायचा असतो. वर पुदिन्याची पानं, त्यांच्या खाली काकडीच्या चकत्या; त्यांचे हिरवे, गार वास आधी भेटतात आणि मद्य मागे थांबतं. रंग कोऱ्या चहासारखा तांबूस. जिभेवर प्रथम लेमोनेडचा गोडवा उतरतो. तो ओसरू लागला की संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा कडवटपणा सावकाश वर येतो. मला तोच या पेयाचा प्राण वाटतो. तो नसता तर हे नुसतं फळांचं सरबत झालं असतं.

ही करामत जेम्स पिमची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये, बँक ऑफ इंग्लंडच्या परिसरात, त्याच्याकडे लोक कालवं खायला येत. जिनमध्ये वनस्पती आणि मसाले मिसळून तो ते पाचक म्हणून लहान पेल्यात देई. जिनचं हे मिश्रण म्हणजे क्रमांक एक; पुढे व्हिस्की, ब्रँडी, रम यांचेही क्रमांक निघाले. पण इंग्रजी उन्हाळ्याने आपलासा केला तो जिनचा पहिला क्रमांकच. त्याची कृती आजही गुप्त आहे.

त्याच्या सौम्यपणाला काही जण नाकं मुरडतात. मला त्यातच शहाणपण दिसतं. बाटलीतलं मद्य 20 टक्के. त्याच्या एका भागाला तीन भाग लेमोनेड, म्हणजे इंग्लंडमधलं पारदर्शक, फसफसणारं गोड पेय. पेल्यात उरतं जेमतेम 5 टक्के. जूनमध्ये लंडनचा सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. एवढ्या लांब दिवसाला पुरेल, गप्पा चालू ठेवील आणि बोलणाऱ्याला शुद्धीवर ठेवील, असं पेय हवं. हेन्लीला नदीकाठी नौकांच्या शर्यती पाहताना, ग्लाइंडबोर्नला ऑपेराच्या दीड तासाच्या मध्यंतरात हिरवळीवर शिदोरी सोडताना, विम्बल्डनला दोन सामन्यांच्या मधे, सगळीकडे वेळ ऐसपैस असतो. विम्बल्डनला तर 1971 पासून पिम्सचा खास बार आहे.

घरी हे पेय बहुधा एकेका पेल्यात बनत नाही. मोठा काचेचा जग भरतो. कुणी काकडी चिरतं, कुणी बर्फ आणतं, आणि ओतणारा आधी दुसऱ्यांचे पेले भरतो. पाहुण्याला कामाला लावणारं हे आतिथ्य मला फार आवडतं.

स्ट्रॉबेरीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ती दिसते सुरेख, पण आधीच गोड असलेल्या पेल्यात आणखी गोडवा सोडते. जुनी सजावट बोरेजची: निळी चांदणीसारखी फुलं आणि काकडीच्या वासाची पानं. बोरेजने कडवटपणाला वाव मिळतो. बाजारात ते सहसा मिळत नाही, परसातच लावावं लागतं, म्हणून काकडी आणि पुदिन्याने त्याची जागा घेतली. ज्याच्या वाफ्यात बोरेज फुललंय, त्याने स्ट्रॉबेरी खुशाल वेगळ्या वाटीत, सायीबरोबर वाढावी.