नाचाचे दप्तर

कविता पुस्तकात उरते. नाच नर्तकाच्या अंगाबरोबर जातो. म्हणून अमेरिकेतील ‘जेकब्ज पिलो’ या नृत्यमहोत्सवाचे दप्तर मला मोलाचे वाटते. टेड शॉन यांनी १९३३ साली मॅसॅच्युसेट्समधील आपल्या शेतावर पुरुष नर्तकांचे प्रयोग सुरू केले. तेथील पत्रके, छायाचित्रे, चित्रफिती जपल्या आहेत. निवडक तुकडे आता घरबसल्या पाहता येतात.

पण तुकडेच! १९६२ साली भरतनाट्यमच्या बालसरस्वती तेथे नाचल्या. त्यांचा अभिनय म्हणजे एकच ओळ पुनःपुन्हा नव्या भावाने फुलवणे. दोन-तीन मिनिटांत हात दिसतील, डोळेही दिसतील; फुलणे कुठून दिसणार? दप्तरदाराने निवडताना घाई केली, असे माझे मत आहे.

मात्र आमच्या शाळेतील स्नेहसंमेलनांची पत्रके वाळवीने खाल्ली, हे आठवले की आवाज जरा खाली येतो.