‘काळसर’ची मात्रा : फझी तर्क आणि शब्दांची धूसरता

‘उंच’, ‘म्हातारा’, ‘काळा’ या शब्दांना काटेकोर सीमा नसते. हे भाषेचे वैगुण्य की सामर्थ्य, हा प्रश्न तर्कशास्त्राइतकाच समीक्षेचाही आहे. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये फझी संचाची संकल्पना मांडली. तिच्यानुसार वस्तू संचात आहे की नाही असे न विचारता, ० ते १ यांमधील किती मात्रेने आहे असे विचारले जाते. संगणकाच्या आज्ञावलीत ‘उंच’ म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला मात्रा जोडणारे फलन. १९७२ मध्ये झादे यांनी ‘फार’ म्हणजे मूळ मात्रेचा वर्ग आणि ‘कमीअधिक’ म्हणजे वर्गमूळ, अशी योजना केली. त्यामुळे ०.८ मात्रेने उंच असलेला माणूस ०.६४ मात्रेने ‘फार उंच’ ठरतो.

ही योजना मराठीला लावून पाहावी. ‘काळसर’मधील प्रत्यय सौम्यतादर्शक मानून वर्गमूळ घेतले, तर १ चे वर्गमूळ १ च असल्याने कोळसा पूर्णांशाने काळसर ठरतो. मराठी भाषक तसे म्हणणार नाही; ‘सर’ प्रत्यय पूर्ण काळेपणाला वगळतो. अर्थात मध्ये चढून पुढे उतरणारे फलनही लिहिता येते. परंतु ते कोणते लिहावे हे सूत्र सांगत नाही. त्यासाठी शब्द आधी वाचलेला असावा लागतो.

‘चहा जरा गोड झालाय’ या वाक्यात अडचण अधिक खोल आहे. येथे गोडी थोडी नसून जास्त आहे. ‘जरा’ने सौम्य केली आहे ती तक्रार. साखरेच्या प्रमाणावर उभारलेले फलन या सौजन्यापर्यंत पोहोचत नाही. ममदानी यांनी १९७० च्या दशकात अशाच नियमांनी वाफेचे इंजिन नियंत्रित करून दाखवले. तेथे मात्रा योग्य की अयोग्य हे इंजिनच सांगते. संवादात असा निवाडा उपलब्ध नसतो.

तात्पर्य, आज्ञावलीत धूसरता नाहीशी होत नाही. ती मात्रा ठरविणाऱ्याच्या निर्णयात जाऊन बसते, आणि ०.६४ या आकड्याच्या नेमकेपणामुळे तो निर्णय दिसेनासा होतो. म्हणून असे फलन हेही शब्दाचे एक वाचनच समजून तपासले पाहिजे.

तरीही या तर्काचे एक ऋण मान्य करावे लागते. आपली समीक्षा धूसरता आणि अनेकार्थता या दोहोंनाही ‘संदिग्ध’ म्हणत आली आहे. ‘काळसर’ला अर्थ एकच आहे, सीमा नाही, श्लेषात अर्थ दोन असतात आणि दोन्ही स्पष्ट असतात. मात्रा पहिल्याला लावता येते, दुसऱ्याला नाही. कवितेला संदिग्ध म्हणण्यापूर्वी यांपैकी काय अभिप्रेत आहे, हे समीक्षकाने सांगितले पाहिजे.