हवाना सिगार : कीर्ती आणि कसोटी

हवाना सिगारवर लिहिणारे बहुतेक जण तो पेटवण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळे होतात. पट्टीवरचे नाव वाचले की धुराला आपोआप चव येते. पुतण्याने क्यूबाहून पाच सिगार आणून दिले तेव्हा, उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकतात तशा, प्रस्तुत लेखकाने पाचही पट्ट्या उतरवून ठेवल्या. आजही ते नाव सांगण्याचा विचार नाही. (धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाला व घशाला अपाय चुकत नाही, तेव्हा ही शिफारस समजू नये.)

प्रथम बांधणी पाहावी, कारण तिथे मतभेदाला जागा कमी. हाताने वळलेल्या सिगारची तीन अंगे : आतले भरण, त्याला धरून ठेवणारे पान आणि बाहेरचे वेष्टन. भरणात रोपाच्या खालच्या अंगाचे ‘व्होलादो’ जळण नीट राहावे म्हणून, मधले ‘सेको’ सुवासासाठी आणि शेंड्याकडचे ‘लिहेरो’ कडकपणासाठी. लिहेरो सावकाश जळते, म्हणून ते मधोमध. ही पाने दुमडून अशी जुळवायची की त्यांच्यामधून हवेला वाट राहील. आणि ती वाट वळणाऱ्याच्या बोटांनाच कळते. दाब अधिक पडला की ओढ कोंडते, कमी पडला की धूर तापतो व जिभेला झोंबतो.

माझे पहिले दोन सिगार निर्दोष निघाले. जळती कड सरळ, राख राखाडी आणि घट्ट, बोटाच्या पेराएवढी झाली तरी न गळणारी. तिसरा गाल दुखेपर्यंत ओढूनही धूर देईना. वेष्टन तेच, सुवास तोच. पण आत वाट नाही. अशा तक्रारी नव्या नाहीत. त्या वाढल्यानंतर क्यूबातल्या कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रे आली, ती या शतकाच्या आरंभी. तरीही पाचांत एक असा निघाला, हे गुण देताना विसरता येत नाही.

चवीविषयी इंग्रजी परीक्षणे चामडे, देवदार, कोको अशी यादी देतात. माझ्या जिभेला आधी भाजलेल्या धण्यांचा कोरडेपणा जाणवला, मध्यावर बिनसाखरेची कॉफी आणि किंचित गोडवा, शेवटी कडवटपणा. वस्तूंची नावे ओळखणे दुय्यम. चव पुढे सरकते की एकाच जागी बसते, हे पाहावे. चांगल्या दोहोंत ती सरकली. मधला तिसरा हिस्सा सर्वांत सरस.

या वळणाऱ्यांविषयी साहित्यप्रेमींनी एक गोष्ट जाणून घ्यावी. १८६५ पासून हवानाच्या कारखान्यांत कामगार हात चालू ठेवून वाचन ऐकत आले आहेत. वाचणाऱ्याचे वेतन आरंभी ते स्वतःच्या मजुरीतून देत. वर्तमानपत्रे झाली की कादंबऱ्या. १९३५ साली निघालेल्या ‘मोंतेक्रिस्तो’ला अलेक्सांद्र द्यूमाच्या कादंबरीवरून नाव मिळाले, ते या श्रोत्यांच्या आवडीमुळे, असे सांगतात. (माझ्या तिसऱ्या सिगारचा दोष कादंबरीच्या माथी मारण्याचा हेतू नाही.)

उरले मूल्य. १९६२ च्या अमेरिकी बंदीने या मालाला निषिद्ध वस्तूची ओढ दिली. २०२२ मध्ये कोहिबा व ट्रिनिदाद यांचे भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात इयन वादळाने पिनार देल रिओतील तंबाखू वाळवण्याची हजारो कोठारे पाडली. टंचाई खरी आहे. पण टंचाई म्हणजे गुण नव्हे. १९६० च्या राष्ट्रीयीकरणानंतर अनेक तंबाखू घराणी डॉमिनिकन प्रजासत्ताक, निकाराग्वा, होंडुरास येथे गेली, क्यूबन बियाणे तेथेही रुजले. मूळ मातीबाहेर वाढले म्हणून ते हलके ठरवावे काय? पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहिलेल्या आपणांस हा प्रश्न परका वाटू नये. मला विचाराल तर व्हुएल्ता आबाहोच्या पानाचा सुवास वेगळा आहे, हे मान्य. त्यासाठी दुप्पट दाम द्यावे, हे अमान्य.

चौथा सिगार शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांना पट्टीवाचून दिला. ते म्हणाले, “बरा आहे, तिरुचिरापल्लीचा का?” पट्टी दाखवल्यावर त्यांनी विझलेला तुकडा पुन्हा पेटवला.