आजीचा ‘को’ आणि मालकाचे कागद

ॲलेक्स हेलीचं ‘रूट्स’ (1976) वाचायला घेतलंत, तर शेवटची प्रकरणं आधी वाचा. तिथे कुंटा किंटेची गोष्ट संपलेली असते आणि हेली स्वतः येऊन सांगतो, की सात पिढ्या मागे आपण पोचलो कसे.

हाताशी होतं काय? टेनेसीतल्या हेनिंग गावी आजी आणि तिच्या बहिणी ओसरीवर बसून सांगायच्या, की आपला मूळपुरुष आफ्रिकन होता. तो गिटारला ‘को’ म्हणायचा आणि नदीला ‘कांबी बोलोंगो’. बस. हे शब्द एवढे मोलाचे का, ते सरकारी कागद बघितले की कळतं. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत नाव असायचं मालकाचं. त्याखाली वय, लिंग, वर्ण. दक्षिणेतल्या बहुतेक मुक्त माणसांची नावं जनगणनेत आली ती थेट 1870 मध्ये. त्याआधीची पणजी शोधायची, तर मालकाच्या मृत्युपत्रात, घोडे आणि नांगरांच्या यादीत शोधायची.

हेली गांबियात गेला. एका ग्रिओने, म्हणजे वंशावळी तोंडपाठ असणाऱ्या कथेकऱ्याने, त्याला कुंटा ‘दिला’. 1767 मध्ये ॲनापोलिसला लागलेलं जहाज सापडलं आणि साखळी पूर्ण झाली. 1981 मध्ये गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स यांनी ती तोडली. हेली ज्याला कुंटा समजतो, तो ‘टोबी’ वॉलर मालकांच्या कागदांत जहाज येण्याआधीपासूनच आहे.

म्हणून हेलीला खोटारडा म्हणणारे मला घाईचे वाटतात. मालकाने लिहिलेली तारीखसुद्धा तारीखच, ती मानावीच लागते. पण तिने हेलीची जोडणी पडते, आजीचा ‘को’ पडत नाही. हेलीचा दोष वेगळा आहे. त्याला एकही रकाना रिकामा ठेववत नाही. (आमच्याकडे नल दिसला की डीफॉल्ट व्हॅल्यू भरणारे असतात, तसं.) या मिश्रणाला तो स्वतः ‘फॅक्शन’ म्हणायचा, पण वाचताना सांधा कुठे आहे ते कळत नाही. त्यामुळे आजीचे दोन-तीन अस्सल शब्द शेकडो पानांच्या संवादांत बुडून जातात.

शोधाच्या प्रकरणांत मात्र एक जागा आहे. जुफुरेत गावकरी भोवती जमतात. सगळे गडद काळे, आणि हेलीला स्वतःचा उजळ रंग खुपतो. त्या रंगात किझीवर बळजबरी करणारा मालकही पूर्वज म्हणून बसलेला आहे. पुस्तक तिथे फार थांबत नाही. मला तिथे शंभर पानं हवी होती.